शनिवारचा रस

भांडुप (पश्चिम)
६ मे २०२५

उत्तरा,

सलाम. 'प्रिय' लिहावं की नाही यात दोन दिवस गेले, म्हणून ते गाळूनच टाकलं.

आठ वर्षांनी माझं अक्षर बघून तुला वाटेल कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही, मी तर नाहीच. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर तुझ्या नावापुढे एकच टिक येते आणि तिचा अर्थ काय ते आमच्या आकाशने मला सांगितलंय. भांडुप आणि बोरीवली, मधे नुसतं नॅशनल पार्क, आणि सख्ख्या बहिणीशी बोलायला पोस्टाचं तिकीट लावावं लागतं. असो. काम आहे म्हणून लिहिते.

आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा रस बंद झाला. आई नगरकडच्या मिशन कंपाऊंडात करायची तसा, काळ्या मनुका शुक्रवारी भिजत घालून, शनिवारी उकळून, मलमलीतून गाळून, चाळीस वर्षं मी करत आले. त्यातली बरीच वर्षं तू आणि मी. तर परवा रविवारी मेजावर काय होतं माहीत आहे? तयार प्याले. हॉटेलात चहाबरोबर दुधाच्या डब्या देतात ना, तेवढे. वरचा कागद सोलला की भाकर म्हणून एक पांढरी चकती, खालचा कागद सोलला की घोटभर रस. अख्खी मंडळी माना खाली घालून कागद फाडत बसली होती. मधुकरमामाला नखं नाहीत, त्याने दातांनी फाडला आणि शर्टावर सांडला.

हे सगळं नव्या पाळकाचं. रेव्हरंड सुबोध भिंगारदिवे, वय चाळिशीच्या आत. दोन वर्षांपूर्वी आला आणि आल्या आल्या भिंतीवर पडदा लावून त्यावर गाणी दाखवायला लागला. मग बायकांनी डावीकडेच बसायला पाहिजे असं काही नाही म्हणाला. प्रत्येक वेळी मी कमिटीला पत्र दिलं. त्याचा राग त्याने मनात ठेवला असणार, दुसरं काय?

कट कसा शिजला तेही सांगते. सतरा एप्रिलला, उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी, प्रभुभोजन होतं. भाकर झाली. पाळकाने प्याला उचलला, घोट घेतला आणि थांबला. मग म्हणाला, "आज ह्या प्याल्यात आंब आहे." म्हणजे क्रूसावर तहान लागली तेव्हा शिपायांनी प्रभूला दिली ती! आंबून नासलेला द्राक्षारस! माझ्या रसाला, भर मंडळीसमोर! वर म्हणाला, "ज्याला जमेल त्याने प्या, ज्याला नाही जमणार त्याने ओठाला लावा. त्याला काय प्यावं लागलं ते आज आठवा." मी पहिल्या बाकावर होते. मी माझा ग्लास एका घोटात संपवला, त्याच्याकडे बघत. बाहेर चपला घालताना सेक्रेटरी चंद्रप्रकाशची बायको माझा हात धरून म्हणते, "शकुताई, अंगावर काटा आला हो आज." टोमणा कळत नाही का मला?

आणि पुढच्या भोजनाला हे प्याले. कारण काय, तर "सोयीचं पडतं."

रसात काही खोट असती तर मी दिला असता का? वर थोडा फेस होता, तो चमच्याने काढून टाकला. उन्हाळ्यात येतो कधी कधी.

मी बिशपसाहेबांना अर्ज करणार आहे. तू फक्त दोन ओळी लिहून सही करून पाठव, की आईच्या रीतीने केलेला रस नासत नाही. ही रीत येणाऱ्या आता आपण दोघीच उरलो आहोत, तेव्हा तुझ्या शब्दाला वजन आहे. मागचं मधे आणू नकोस. ते वेगळं होतं.

तुझी मोठी बहीण, निदान कागदोपत्री,
शकु


भांडुप
२१ मे २०२५

उत्तरा,

सलाम. पत्र मिळालं असणार. नाही मिळालं म्हणशील तर पोस्टमनला विचारलंय मी. तो म्हणतो, "आजी, बोरीवलीचं पत्र बोरीवलीला जाणारच ना."

म्हणजे तू मुद्दाम उत्तर देत नाहीस. का ते मला माहीत आहे. तुला अजून २०१७ सालचंच धरून बसायचंय. तेव्हा जुन्या पाळकसाहेबांनी प्याल्यावरचं झाकण काढलं, वर बुरशीचे तुकडे, आणि त्यांनी तो सगळ्यांदेखत खिडकीतून बाहेर मातीत ओतला. मंडळी भाकर खाऊन तशीच घरी गेली. कमिटी बसली. मला विचारलं, "बाटल्या कुणी भरल्या?" मी म्हटलं, "उत्तरानं भरल्या." खोटं होतं का ते? तूच भरल्या होत्यास. तुला थांबवलं ते कमिटीने, मी नाही. त्यावर तू मंडळीच सोडलीस, लेकीकडे, दर्शनाकडे बोरीवलीला राहायला गेलीस, आणि त्या गिटारवाल्या फेलोशिपमध्ये जाऊन कुणाच्या तरी स्विमिंग पूलमध्ये दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतलास. आपल्या बाबांनी हातात धरून दिलेला पहिला काय कच्चा होता? मी त्या वेळी जे बोलले ते बोलले. तूही कमी बोलली नाहीस.

ते जाऊ दे. इकडचं ऐक.

पाळकाच्या घरी खोका आला. मी चर्चच्या आवारात फुलांना पाणी घालत होते म्हणून दिसला. पाळकीणबाई दिशा, तिने तो उचलला आणि मला बघून चटकन आत नेला. सरळ काम असतं तर लपवायचं कशाला? मग हसली आणि विचारते, "मावशी, तब्येत कशी आहे आता?" 'आता' म्हणजे काय? मला कधी काय झालं होतं? माझ्या तब्येतीच्या गोष्टी कोण पसरवतंय, हे मी शोधून काढणार आहे.

माझा पहिला संशय घरातच आहे. आमची माधुरी, आकाशची बायको, महिला मंडळात दिशाच्या शेजारी बसते. हल्ली ती माझ्या हातचं जेवत नाही. पहिल्यांदा म्हणाली डाळ खारट झाली. मग म्हणाली भाजीत मीठच नाही. एकाच बाईच्या हातचं सोमवारी खारट आणि मंगळवारी अळणी कसं होईल, तूच सांग. सुनेला स्वयंपाकघर पाहिजे असलं की सासूच्या मिठात खोट निघते. फ्रिजसुद्धा तिच्या डब्यांनी गच्च असतो. एप्रिलमध्ये माझ्या रसाच्या चार बाटल्यांना त्यात जागा मिळाली नाही, ओट्याखाली ठेवाव्या लागल्या.

पाळक तीनदा घरी येऊन गेला. तिन्ही वेळा एकटा, आणि तिन्ही वेळा दुपारी, आकाश नसताना. मी सेफ्टी डोअर उघडलं नाही. जाळीतूनच सांगितलं, "घरी कुणी नाही." म्हणतो, "मावशी, तुमच्याशीच बोलायचंय. पाच मिनिटं." मी म्हटलं, "जे बोलायचं ते मंडळीसमोर बोला, तुम्हाला सवय आहे." मान खाली घालून गेला. काहीतरी सही करून घ्यायला आला असणार.

माझ्या अर्जावर सतरा सह्या झाल्या. त्यातल्या नऊ जणींनी न वाचता केल्या. चंद्रप्रकाशने मात्र वाचून परत दिला. म्हणाला, "शकुताई, राहू द्या ना आता. देवावर सोडा." मी त्याला म्हटलं, देवावर सोडलं असतं तर ह्या मंडळीच्या छपरावर आजही पत्रे नसते. देवावर माझा भरवसा आहेच. माणसांवर नाही. आणि देव जे करतो ते माणसांकडूनच करवतो, मग लक्ष नको ठेवायला?

तुझी सही मिळाली की अर्ज जाईल.

शकु


भांडुप
४ जून २०२५

उत्तरा,

तुझं कार्ड आलं. आठ वर्षांनी बहिणीला लिहिलंस ते एवढंच. ना सलाम, ना खाली नाव. "शकुताई, फेस काढलास तेव्हा चाखून बघितलास का?"

हे काय विचारणं झालं?

तुझ्या कानात कुणी काय घातलंय? दिशाचा फोन येतो का तुला? की माधुरी आणि तुझी दर्शना बोलतात? मला सरळ सांग, कारण हा प्रश्न आपोआप सुचणारा नाही. मी तुझ्याकडे सही मागितली होती, माझी उलटतपासणी नाही.

आईचा नियम तू मला शिकवू नकोस. लाकडी चमच्याने डाव्या तळव्यावर थेंब घ्यायचा, चाटायचा, आणि मग बूच लावायचं. बाटलीगणिक. तू सहा वर्षांची होतीस तेव्हापासून तुझ्या तळव्यावर मी तो थेंब टाकत आले. आई म्हणायची, लहान जिभेला खोटं बोलता येत नाही, तिला चाखू दे. तू तोंड वाकडं केलंस की आई अख्खं पातेलं ओतून द्यायची आणि पुन्हा मनुका निवडायला बसायची.

चाळीस वर्षं केलेल्या बाईला चाखावं लागत नाही. मला घड्याळ बघून कळतं. किती मनुका, किती पाणी, किती उकळ्या, सगळं ठरलेलं आहे. तुला सही करायची नसेल तर नको करूस. अर्ज तुझ्यावाचून जाईल.

रविवारी, एक तारखेला, पुन्हा तेच प्लास्टिक. मी प्याला घेतला आणि न उघडता पर्समध्ये टाकला. जन्मात पहिल्यांदा मी प्रभुभोजन न घेता घरी आले. तो प्याला माझ्यासमोर टेबलावर आहे. तू हे वाचून खूश होशील.

शकु


भांडुप
१९ जून २०२५

उत्तरा,

सलाम.

हे पत्र तीनदा फाडलं. आता फाडणार नाही, जसं होईल तसं पाठवते.

तुझ्या कार्डाने मला झोप येईनाशी झाली, रागाने. मी ठरवलं की पुरावाच आणायचा आणि तुझ्या तोंडावर मारायचा. सतरा एप्रिलला ग्लास कुणी धुतले? मधुकरमामाने. तीस वर्षं चर्चची चावी त्याच्याकडे आहे, मला तो खोटं सांगणार नाही. शनिवारी तो बाकं पुसत होता तेव्हा जाऊन विचारलं, "मामा, त्या दिवशी माझ्या रसाला काय झालं होतं? खरं सांग." 

तो फडकं पिळत राहिला. मग म्हणाला, "मावशी, सोडा ना. पायलटची टोपी गेली, विमान तर उतरलं ना?" तुला माहीत आहे तो कसा बोलतो. मी म्हटलं, मामा, मी इथून हलणार नाही. 

तेव्हा म्हणाला, "पाळकसाहेबांनी शपथ घातलीय हो. पण तुम्ही ऐकणार नाही म्हणून सांगतो. पार आंबला होता रस. बाटलीचं बूच काढलं तेव्हाच फस्सकन झालं, वास सुटला. मला वाटलं, मावशीने केलाय म्हणजे असाच असेल काहीतरी नवीन. मी भरले ग्लास. नंतर धुवायला आले ते निम्मे तसेच भरलेले. बाकीच्यांनी मात्र रडत रडत प्यायला. साहेब बोललेच तसे. लोकांना वाटलं मुद्दाम केलंय, उद्या उत्तम शुक्रवार आहे म्हणून. दुसऱ्या कुणाला कळलं असतं तर वाटच लागली असती. तुमची."

मी तिथेच बाकावर बसले.

उत्तरा, तू विचारलंस त्याचं उत्तर असं आहे. नाही. मी चाखला नाही. चाखून उपयोग नव्हता.

कोरोनात मी अकरा दिवस खोलीत होते, ते तुला दर्शनाकडून कळलं असेल. ताप गेला. पण चव गेली ती आलीच नाही, आणि वास पण. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. चार वर्षं झाली. कांदा आणि सफरचंद मला सारखंच. गॅस चालू राहिला तर कळत नाही. मी कुणाला सांगितलं नाही, आकाशलासुद्धा नाही. सांगितलं असतं तर पहिली गोष्ट काय झाली असती? "शकुताई, आता रस दुसऱ्या कुणाला करू दे." एवढं एकच तर माझ्याकडे होतं. म्हणून मी घड्याळ बघून करत राहिले. माधुरीचं मिठाचं खरं होतं. मी उगाच तिच्यावर आळ घेतला.

आणि अजून एक. सतरा एप्रिलचा रस मी पाच एप्रिललाच केला होता. सहा तारखेच्या भोजनाबरोबर सतरा तारखेच्या गुरुवारचाही एकदमच उरकला, कारण गुडघे दुखतात आणि त्या आठवड्यात उपासना रोज. बारा दिवस बाटल्या ओट्याखाली, एप्रिलच्या उकाड्यात. शनिवारी करायचा आणि रविवारी प्यायचा, उरला तर मातीत ओतायचा, ठेवायचा नाही. आईची ही रीत मोडली कुणी? पडदा लावणाऱ्या पाळकाने नाही. बायकांना उजवीकडे बसवणाऱ्याने नाही. सगळ्या बदलांविरुद्ध पत्रं लिहिणारी मी, आणि खरा बदल माझ्या ओट्याखाली.

मी पाळकाकडे गेले. दिशाने दार उघडलं, सेफ्टी डोअर वगैरे काही नाही, सरळ आत बसवलं. मी पहिल्यांदा भांडलेच. मला दुसरं काही सुरू करता येत नाही. म्हटलं, "तुम्ही प्रभूच्या मेजासमोर खोटं बोललात."

तो म्हणाला, "मावशी, मी म्हटलं आज प्याल्यात आंब आहे. नव्हती का?"

"लोकांना वाटलं मुद्दाम आहे."

"वाटू दिलं. त्याचा हिशोब मी देईन वर. मी ओतायलाच निघालो होतो. तेवढ्यात तुम्ही दिसलात, समोर, डोळे मिटून. तुम्हाला काहीच माहीत नाही हे मला कळलं. मग माझ्या तोंडून ते निघालं."

मी विचारलं, मग प्लास्टिकचे प्याले कशाला? म्हणाला, "एकट्या तुमच्याकडून काम काढून घेतलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं. म्हणून सगळ्यांचंच बदललं. ती चकती मला आवडते असं वाटतं का तुम्हाला? पुठ्ठा खाल्ल्यासारखं लागतं." मग म्हणाला, "तुम्हाला खासगीत सांगायला तीनदा आलो होतो. तुम्ही दार उघडलं नाही."

दिशाने चहा आणला. मला लागला नाही, पण मी म्हटलं छान झालाय. मग लाज वाटून म्हटलं, "खरं तर मला काही कळत नाही." कुणाला तोंडाने सांगायची ही माझी पहिलीच वेळ. ती म्हणाली, "माझ्या वडलांचं तसंच झालं होतं. म्हणून मी तब्येत विचारत होते, मावशी." प्याल्यांचा तो खोकासुद्धा तिने त्यासाठीच लपवला होता, माझ्या डोळ्यांसमोर नको म्हणून. बघ, कशाकशावर मी संशय घेत बसले होते.

आता जे लिहायचंय त्यासाठी मी तीन कागद फाडले.

२०१७ च्या त्या शनिवारी बाटल्या तू भरल्यास. पण धुतल्या मी. दोन दिवस उन्हात पालथ्या घालून वाळवायच्या, तशा मी वाळवल्या नाहीत. त्या दिवशी घाई होती, का होती ते आता आठवत नाही, काहीतरी क्षुल्लकच. तू एक बाटली उजेडात धरून म्हणालीस, "ताई, आत ओल आहे." मी म्हटलं, "भर गं, काही होत नाही." तू भरल्यास, कारण मी मोठी. कमिटीने विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे बघितलं नाही. मीही खरंच बोलले होते, त्या पाळकासारखं. त्याच्या खऱ्याने मी झाकली गेले आणि माझ्या खऱ्याने तू उघडी पडलीस.

हे मला आज कळलेलं नाही. आठ वर्षं रोज माहीत होतं. तुझ्या गिटारवर आणि स्विमिंग पूलवर मी इतकं तोंड टाकत होते ते एवढ्याचसाठी, की तू चुकीच्या ठिकाणी गेलीस असं ठरलं म्हणजे मी तुला घालवलं हे मिटेल.

मी लोकांना जन्मभर सांगत आले, देवावर भार टाका. आणि स्वतः एक ओली बाटलीसुद्धा त्याच्यावर सोडली नाही. भीती एकच. हे काम गेलं तर मंडळीत शकु कोण? देवाला माझ्या रसावाचून मी चालेन का, हे मी त्याला कधी विचारलंच नाही.

अर्ज मी फाडला. सतरा सह्यांसकट.

शकु


भांडुप
७ जुलै २०२५

उत्तरा,

काल सहा तारीख, पहिला रविवार. सूचना वाचून झाल्या की चंद्रप्रकाश विचारतो, "अजून कुणाला काही सांगायचंय?" हे तो दर रविवारी विचारतो आणि कुणी काही सांगत नाही. काल मी उठले. त्याला वाटलं पडद्याबद्दल आहे. त्याने कपाळाला हात लावलेला मी बघितला.

मी कागदावर लिहून नेलं होतं, पण चष्मा विसरले. तेव्हा तसंच बोलले. सतरा एप्रिलचा रस नासला होता आणि तो मी नासवला, हे आधी सांगितलं, कारण ते सोपं होतं. मला चव लागत नाही, तेही. लोक च्‌ च्‌ करायला लागले. मला वाटलं, इथे बसावं, दया मिळाली आहे, ती घेऊन घरी जावं.

मग म्हटलं, "२०१७ साली बाटल्या ओल्या होत्या. उत्तराने सांगितलं होतं ओल्या आहेत. मी भरायला लावल्या. कमिटीला मी निम्मंच सांगितलं." 

तुझ्या वेळचे बरेच लोक आता नाहीत, कुणी वारले, कुणी विरारला गेले. पण सोनूबाई आहे, नव्वदीची. तिला ऐकू कमी येतं, तिने शेजारणीला मोठ्याने विचारलं, "काय म्हणते ती?" शेजारणीने तिला कानात सांगितलं. त्यावर सोनूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मग त्या पोरीला सांगितलं का कुणी?"

मी म्हटलं, पत्र टाकलंय.

पाळकाने त्यावर उपदेश केला नाही, हे त्याचं मला आवडलं. प्लास्टिकचे प्याले वाटले. मी माझा उघडला. नखाने जमेना, माधुरीने सोलून दिला. मला तो माझ्या रसासारखाच लागला, म्हणजे काहीच लागला नाही. पण मी घेतला. घशातून खाली जाईपर्यंत रडत होते आणि माधुरी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तिचा हात असा पूर्वी कधी फिरला नव्हता, का आताच फिरतोय असं मनात आलंच. सवय जायला वेळ लागेल.

कमिटी म्हणते, रस पुन्हा सुरू करायचा तर करा, पण चाखणारं कुणीतरी पाहिजे. दिशा म्हणाली मी चाखते. मी नाही म्हटलं. रागाने नाही. तिने मूळ चव कधी घेतलेलीच नाही, तिला काय माहीत कशी असायला पाहिजे? आईच्या हातचा रस प्यायलेली जीभ आता एकच शिल्लक आहे.

शकु


भांडुप
२९ जुलै २०२५

प्रिय उत्तरा,

सलाम.

तुझं उत्तर नाही. मी वाट बघत नाही असं लिहिलं तर खोटं होईल, म्हणून लिहीत नाही.

रविवारी, तीन तारखेला, प्रभुभोजन आहे. रस शनिवारीच करायचा, ते आता मोडणार नाही. पण त्याआधी हात तपासायला एक छोटा घाणा काल केला. त्यातली एक बाटली ह्या पत्रासकट आकाशबरोबर पाठवतेय. तो तुझ्याकडे थांबणार नाही, दारात देऊन ऑफिसला जाईल. तू दार उघडलं नाहीस तर वॉचमनकडे ठेवायला सांगितलंय. ऊन लागू देऊ नको.

बूच काढ, लाकडी चमचा घे, डाव्या तळव्यावर थेंब टाक. आणि मला सांग.

मला कळणार नाही, उत्तरा. तू चांगला आहे म्हणालीस तर मी शनिवारी असाच करीन आणि मंडळीला पाजीन. वाईट आहे म्हणालीस तर पातेलं कायमचं घासून ठेवीन, आणि कागद सोलीन. तू मुद्दाम खोटं सांगितलंस तरी मला ते ओळखता येणार नाही. मी जे केलं त्यानंतर तसं करायचा तुला हक्क आहे, आणि ते माझ्या मनात आलं नाही असं समजू नकोस. दोन दिवस तेच आलं. पण मग मी ठरवलं. तू जे सांगशील ते मी मानीन. देवावरसुद्धा मी याहून जास्त भरवसा कधी ठेवलेला नाही.

फोन केलास तर उचलीन. कार्ड टाकलंस तरी चालेल, एक ओळ पुरे. स्वतः आलीस तर दार उघडं असेल, सेफ्टी डोअरसुद्धा.

बाटली मी दोन दिवस खिडकीच्या ग्रिलमध्ये पालथी ठेवली होती. ऊन आलं की ऊन, नाही आलं की पुन्हा गरम फडक्याने पुसून. काल सकाळी उजेडात धरून बघितली. मग माधुरीलाही दाखवली. आत ओल नाही.

तुझी,
शकुताई